‘पाण्यासारखं संगीत’ : एका रूपकाची झडती

२००२ साली डेव्हिड बोवी या गायकानं न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की संगीत लवकरच नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होणार आहे. २००५ मध्ये डेव्हिड क्यूसेक आणि गर्ड लिओनहार्ड यांनी ‘द फ्युचर ऑफ म्युझिक’ या पुस्तकात ही कल्पना आणखी फुलवली. गाणी विकत घेऊन कपाटात कशाला ठेवायची? महिन्याचं बिल भरा आणि नळ सोडा. स्ट्रीमिंगवरच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य मला वारंवार भेटतं, आणि कोणी ते तपासलेलं नसतं.

तपासायला बारवी धरण बरं पडेल. धरण एमआयडीसीचं. उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही, महापालिका एमआयडीसीकडून पाणी विकत घेते. पाऊस लांबला की कपात, आणि अधूनमधून थकबाकीचे वाद. म्हणून या भागात घरोघरी पिंप दिसतं, गच्चीवर टाकी दिसते. नळ असणारी माणसंच पाणी साठवतात! रूपक मांडणाऱ्यांनी नळ बघितला, धरण कोणाचं ते विचारलं नाही. (धरणासाठी कोणाची गावं उठली, हा प्रश्न तर त्याहून पुढचा. संगीतात त्या जागी कलावंताचं मानधन ठेवून बघा.)

संगीतातली कपातही आपण पाहिली आहे. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं आणि सारेगामाशी त्याचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही, मराठी गाण्यांचा केवढा तरी साठा तिच्याकडे. ती गाणी तिथून उतरवली गेली, करार व्हायला २०२० उजाडलं. २०२४ मध्ये रेसो आणि विंक या सेवा तर बंदच झाल्या. श्रोत्याचं बिल थकलेलं नव्हतं, तरी नळ कोरडा.

पण संशोधकासाठी मोठी अडचण दुसरीच आहे. पाण्याचा एक पेला दुसऱ्यासारखाच असतो, ध्वनिमुद्रणाचं तसं नाही. नाट्यसंगीताचं उदाहरण घ्या. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत लांबत जाणारं पद ७८ आरपीएमच्या तबकडीत साधारण तीन मिनिटांत बसवावं लागे. काय गाळलं, काय ठेवलं, हाच कोणाच्या तरी प्रबंधाचा विषय होऊ शकतो. तबकडीवर कॅटलॉग नंबर असतो, लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. त्यावरून ध्वनिमुद्रण कधीचं, तेच पद पुन्हा गायलं गेलं होतं का, याचा माग काढता येतो. ॲपवर तेच पद एखाद्या संकलनात येतं आणि साल दिसतं ते बऱ्याचदा संकलनाचं. ते साल उचलून तळटीपेत टाकलंत, तर १९३० च्या दशकातली गायकी पन्नास-साठ वर्षं पुढे सरकते. गाईडच्या लक्षात येईलच असं नाही.

हे नंबर जुळवण्याचं काम विद्यापीठांआधी संग्राहकांनी केलं. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर तिच्या मुळाशी होते. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक या विषयात उतरणाऱ्यानं चाळायलाच हवं.

म्हणून ‘स्वतःचा संग्रह’ हा शब्द ऐकून लगेच हळवं व्हायची गरज नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी येते, लाखेची तबकडी हातातून पडली की संपली, आणि संग्राहक गेल्यावर घरचे कपाट भंगारात काढतात. शिवाय हा नाद पैशाचा आणि जागेचा आहे. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली शंभर गाणी स्ट्रीमिंगच ऐकवतं, ते मी नाकारत नाही. ऐकायला नळ चालेल. पुरावा म्हणून मात्र चालणार नाही, कारण तुमच्या परीक्षकाला उद्या तेच ध्वनिमुद्रण मिळेल याची हमी कोणीच देत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्या आता मोकळ्या आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

नोंदवहीत गाण्याच्या नावापुढे कंपनी, कॅटलॉग नंबर, मॅट्रिक्स नंबर आणि प्रत कोणाकडे ऐकली ते लिहा. फक्त लिंक असेल तर ऐकल्याची तारीख लिहा. आणि संग्राहकाच्या घरी जाणार असाल तर संध्याकाळ मोकळी ठेवा, दोन तबकड्या बघून कोणी सोडत नाही.