शब्दांचा गड आणि चित्रांचा गड : संगणकीय साहसकथेच्या दोन साधनांचा विचार

कलाकृतीचे साधन हे तिच्या आशयाला केवळ बाहेरून चिकटलेले असते, असे आता कोणी म्हणणार नाही. चित्र अवकाशात मांडले जाते व काव्य काळात उलगडते, हा भेद लेसिंगने १७६६ साली ‘लाओकून’मध्ये दाखविला. आपल्याकडे मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात माध्यमाचा प्रश्न सौंदर्यविचाराच्या केंद्रस्थानी आणला. संगणकावरील साहसकथेच्या बाबतीत मात्र हा विचार आपण विसरतो. वाचक स्वतःच पात्र होऊन ज्या कथेत निर्णय घेतो, ती कथा शब्दांनी रचण्याची साधने जुनी व दरिद्री, आणि चित्रमय इंजिने तेवढी प्रगत, अशी एक समजूत आपल्या विद्यार्थ्यांत दृढ झालेली दिसते. या समजुतीची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

शब्दकथेचा उगम एका खऱ्या स्थळाच्या वर्णनात आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने अमेरिकेतील केंटकी प्रांतातल्या ज्या गुहा स्वतः धुंडाळल्या होत्या, त्यांच्याच आधारे १९७५-७६ च्या सुमारास पहिली साहसकथा रचली; १९७७ साली डॉन वुड्स याने तिचा विस्तार केला. पुढे ग्रॅहम नेल्सनचे ‘इन्फॉर्म’ (१९९३) आणि ख्रिस क्लायमासचे ‘ट्वाइन’ (२००९) ही साधने आली. पहिल्यात वाचक आज्ञा लिहितो व यंत्र तिचा अर्थ लावते. दुसऱ्यात उताऱ्यांना उतारे जोडलेले असतात व वाचक त्यांतून वाट निवडतो. चित्रपक्षात ‘अनरिअल’ (१९९८), ‘युनिटी’ (२००५) आणि २०१४ साली मुक्त झालेले ‘गोडो’ ही प्रमुख इंजिने होत.

आता उदाहरणासाठी नाशिक जिल्ह्यातील वणीचा सप्तशृंगगड घेऊ. यात्रेकरू नांदुरीहून गडावर येतो. तेथून मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत, आणि २०१८ पासून रज्जुगाडीही आहे. पायऱ्या की गाडी, ही निवड ट्वाइनमध्ये दोन ओळींची आहे. परंतु त्या दोन ओळींत नवस, वय, गुडघे आणि श्रद्धा हे सारे मावते. चित्रमय इंजिनात हीच निवड करावयाची तर पायरी, कठडा, डबा व दरी यांतील प्रत्येक वस्तू घडवावी लागते. वस्तू घडविण्याच्या या श्रमात निवडीचा अर्थ मागे पडण्याचा संभव फार असतो.

याहून सूक्ष्म प्रसंग मूर्तीचा आहे. अठरा भुजांच्या देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत व देवी ते ऐके, अशी त्यामागची आख्यायिका. चित्र मान दाखवील. ऐकणे दाखविण्यास त्याला शब्दांकडेच यावे लागेल. शिवाय २०२२ साली शेंदराचा जुना लेप उतरविल्यावर मूर्तीचे निराळेच रूप भाविकांपुढे आले. तत्पूर्वी घडविलेली चित्राकृती त्या दिवशी जुनी झाली. ‘देवी कान देऊन आहे’ हे वाक्य मात्र जुने झाले नाही. गडाच्या शिखरावर दरेगावचा मानकरी रात्री ध्वज लावतो, त्याची वाट इतरांस अज्ञात असते. अज्ञाताला अज्ञात ठेवून सांगणे हे शब्दाचे सामर्थ्य होय. चित्रकाराला तेथे अंधार तरी रंगवावाच लागतो.

एवढ्यावरून चित्रपक्ष हीन ठरतो, असे समजणे चुकीचे होईल. उंचीची भीती, उतरत्या उन्हातला कडा, गर्दीची दाटी यांचा इंद्रियांना भिडणारा प्रत्यय चित्र थेट देते. वाचन न येणाऱ्यासही ते आपलेसे वाटते. आपली परंपराही येथे एकाच पक्षाची नाही. कीर्तनकार शब्दांवर आख्यान उभे करतो, तर सिंधुदुर्गातील पिंगुळीचा चित्रकथी रामायणाची चित्रे एकेक करून पुढे धरतो. पण चित्रकथीही चित्र धरून मुकाट बसत नाही, तो गातो. चित्राला कथा व्हावयाचे असेल तर त्याला वाणी लागते, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

मराठीपुरता विचार केला तर दोन्ही साधनांत उणिवा आहेत. आज्ञा समजून घेणारी यंत्रणा मूळ इंग्रजी वाक्यरचनेवर बेतलेली आहे. तेथे क्रियापद आधी व वस्तू नंतर. मराठी वाचक ‘दिव्यात तेल घाल’ असे लिहील. ‘दिवा’ आणि ‘दिव्यात’ ही एकाच वस्तूची रूपे आहेत, हे यंत्राला सामान्यरूपाच्या नियमांनी शिकवावे लागते. वाचकाशी बोलतानाही पेच आहेच. ‘तू चढलास’ म्हणावे तर वाचक पुरुष ठरतो, ‘तू चढलीस’ म्हणावे तर स्त्री. ‘तुम्ही चढलात’ म्हटल्याने पेच सुटतो, पण जवळीक कमी होते. हा तांत्रिक तपशील नव्हे. निवेदनाचा स्वर त्यावर अवलंबून आहे. चित्रमय इंजिनांची अडचण निराळी. त्यांपैकी अनेकांत देवनागरीची जोडाक्षरे दीर्घकाळ तुटत, व ऱ्हस्व इकार अक्षरापूर्वी येण्याऐवजी नंतर उमटे. गोडोने हा दोष २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत दूर केला. ट्वाइनची कथा ब्राउझरमध्ये उघडते, म्हणून तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

यावरून एक विवेक हाती लागतो. कथेचा प्राण निर्णयात, संशयात व आठवणीत असेल तर शब्दसाधन घ्यावे. तो देहाच्या हालचालीत व अवकाशात असेल तर चित्रसाधन. मात्र चित्रसाधन निवडणाऱ्यानेही कथा आधी शब्दांत रचून पाहावी. शब्दांत जी निवड पोकळ ठरते, ती कितीही सुंदर कडा रंगविला तरी भरीव होत नाही. आपल्या विभागात अशा कृती प्रबंधविषय म्हणून येऊ लागतील, तेव्हा त्यांचे मोल दृश्यांच्या झगमगाटावरून करू नये. वाचकाला वाट निवडताना क्षणभर थांबावे लागले का, हा पहिला प्रश्न असावा. गडावरील देवीची मान ज्यासाठी कलली, ते ऐकण्याजोगे काही आपण सांगत आहोत काय, हा दुसरा.