शिवणीतली माया

जुन्या पेहरावाविषयी लिहिताना हळहळण्याची एक रीत आपल्याकडे पडून गेली आहे. १९५० च्या आसपासचे कुठलेही छायाचित्र समोर ठेवायचे, म्युनिसिपालिटीचे सभासद असोत, शाळेतले मास्तर असोत वा मुशायऱ्याला जमलेले शायर, आणि म्हणायचे, काय ती नफासत, काय ती वजादारी! मग आजच्या पोरांच्या फाटक्या जीन्सवर घसरायचे. उर्दूत असे लेख पुष्कळ आहेत, मराठीतही कमी नाहीत. आमची या लेखांविषयी एकच तक्रार आहे. तो कपडा शिवला कसा होता, हे त्यांत कुणी सांगत नाही. नफासत जणू त्या पिढीच्या रक्तातच होती आणि पुढे रक्त पातळ झाले, असा सगळा सूर.

आमच्या मते ती नफासत रक्तात नव्हती, बेतण्यात होती.

हे तपासायला सोलापूर मोठ्या सोयीच्या जागी आहे. गाव मुंबई इलाख्यातले, पण सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याची हद्द अगदी जवळ. मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरचे ठाणे. एकीकडून मुंबईचा कोट-पाटलोण येत होता, दुसरीकडून हैदराबादची शेरवानी. मधे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलीपासून पुढच्या गिरण्यांचे कामगार. त्यांच्या अंगावर सदरा, लेंगा, लुंगी किंवा धोतर. त्या काळची ‘शान’ सांगताना हा तिसरा माणूस छायाचित्राच्या चौकटीबाहेरच राहतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता बेतण्याविषयी. चांगला कारागीर छाती-कंबरेचे माप घेऊन थांबत नसे. कोणता खांदा उतरता आहे, पाठीला किती बाक आहे, गिऱ्हाईक पोट आत ओढून उभे आहे का, हे सगळे तो नजरेने टिपून घेई. कोटाच्या पुढच्या भागात बकरम किंवा केसांचा कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी बसवला जाई, म्हणजे छातीला गोलाई येई आणि ती वर्षानुवर्षे टिके. मग कच्चे टाके, अंगावर घालून पाहणे, पुन्हा उसवणे, पुन्हा बसवणे. मुंढा वर, काखेला लागून कापलेला असे. हा बारकावा आजच्या तरुणांनी मुद्दाम समजून घ्यावा. मुंढा वर असला की हात उचलला तरी कोट जागचा हलत नाही. आजचा तयार कोट अनेकांना व्हावा म्हणून मुंढा खाली सोडलेला असतो. नवरदेवाने मुसाफा करायला हात पुढे केला की सगळा कोट खांद्यावर चढतो. पाटलोण बेंबीपाशी बसे, पुढे चुण्या, पाय सैल. त्यामुळे बुटका माणूसही उंच दिसे. यात जादू काही नाही, हिशेब आहे.

आणि शिवणीत माया ठेवलेली असे. शिंप्यांच्या भाषेत माया म्हणजे आत दुमडून राखलेले जास्तीचे कापड: पाठीच्या मधल्या शिवणीत, कुशीत, पाटलोणीच्या बैठकीत, पायाच्या दुमडीत. माणूस जाड होणार, वाळणार, कपडा धाकट्या भावाकडे जाणार, हे शिवतानाच गृहीत धरलेले. कोट उसवून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवण्याचीही चाल होती. कारण उघड आहे. कापड महाग होते आणि मजुरी स्वस्त. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा तर वीतभर तुकड्यालाही मोल आले. कानपूरच्या लाल इमलीचे गरम कापड घेणारा माणूस ते दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने घेई.

मजुरी स्वस्त होती, हे वाक्य आम्ही सहज लिहून गेलो, पण तिथे थांबायला हवे. ज्या नफासतीचे गोडवे गायले जातात, ती नगावर पैसे घेणाऱ्या, कंदिलाच्या उजेडात काजे करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर उभी होती. दर्जी स्वतःला हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांच्या परंपरेतले मानतात. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे संत नामदेव हे शिंपी समाजाचे दैवत. एवढी थोर परंपरा असूनही या कारागिरावर आपल्या साहित्यात किती लिहिले गेले? आम्हांला तरी या हुन्नराची सगळ्यांत खरी ओळख इस्मत चुगताईंच्या ‘चौथी का जोडा’ या कथेत झाली, आणि ती पुरुषांच्या दुकानातली नाहीच. कुबराची आई अपुऱ्या कापडातून कपडा काढण्यात तरबेज. मुलीचा जोडा बेतणाऱ्या त्याच हातांवर शेवटी तिचे कफन बेतण्याची वेळ येते. कात्रीचा हिशेब आणि गरिबीचा हिशेब इस्मतआपांनी एकाच ओटीवर मांडला. शेरवानीच्या आठवणी काढणाऱ्या आमच्या लेखकांना तो अजून जमलेला नाही.

पडद्यावरही हाच भेद दिसतो. ‘मेरे महबूब’ (१९६३) मधली राजेंद्रकुमारची शेरवानी सुंदर आहे, पण ती दिसण्यासाठी घातलेली आहे. नट तिच्या आत उभा आहे एवढेच. एम. एस. सथ्यूंच्या ‘गर्म हवा’ (१९७३) मध्ये बलराज साहनींचा सलीम मिर्झा शेरवानी घालून कारखान्यात जातो, कर्जाच्या खटपटीत हिंडतो, घर सुटते तेव्हाही ती अंगावर असते. तिथे शेरवानी सण नाही, रोजचे कामाचे वस्त्र आहे. वजादारी म्हणतात ती हीच. मुस्लिम सोशल म्हणून निघालेल्या बहुतेक चित्रपटांनी आमचा पेहराव सजवला. ‘गर्म हवा’ने तो वापरला.

साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलिन-टेरिकॉट आले. इस्त्रीची कटकट गेली, गरिबाला चार कपडे मिळू लागले. याला आम्ही अधोगती म्हणणार नाही. जीन्सच्याही आम्ही विरोधात नाही. हमालाने आणि त्याच्या शेठने एकच वस्त्र घालावे, ही गोष्ट १९५० साली कुणाच्या स्वप्नातही नव्हती. बिघडले ते वेगळ्याच ठिकाणी. कापड स्वस्त झाले आणि माया संपली. तयार कपड्याच्या शिवणीत आता बोटाच्या पेराएवढेही कापड सापडत नाही. कोटाची छाती टाक्यांऐवजी गोंदाने चिकटवलेली असते; काही धुण्यांनंतर तिला फुगे येतात. शिक्षक म्हणून आम्ही हे रोज पाहतो. आमचे सोलापूर आज शाळेच्या गणवेशांसाठी देशभर ओळखले जाते, येथून हजारो गणवेश बाहेर जातात. पण जूनमध्ये घेतलेली पॅन्ट जानेवारीत घोट्याच्या वर जाते, तेव्हा खाली सोडायला दुमडीत काही नसते. पूर्वी आई दरवर्षी एक दुमड सोडायची. मुलगा वाढणार, ही साधी गोष्ट कपड्याला ठाऊक होती.

आणि शेरवानी? ती आता निकाहपुरती उरली. भाड्याची, चमकीची, गळ्यात माळा आणि खांद्यावर ओढणी. वलीम्यानंतर परत दुकानात. हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. नेहरूंची अचकन आणि मौलाना आझादांची शेरवानी शेजारी ठेवली तर शिंप्याखेरीज कुणाला फरक सांगता येऊ नये. डॉ. झाकिर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले तेव्हाही ती देशाच्या दरबारातली पोशाखी वस्तू होती. तो बंद गळ्याचा कोट कुणा एका जमातीचा नव्हता. आज तीच शेरवानी साध्या कापडात, काळ्या रंगात, कामाच्या दिवशी कुणी घालून बँकेत गेला तर लोक वळून पाहतील, आणि काय समजून पाहतील, हे आपल्याला ठाऊक आहे. आपणही तिला एक तर तमाशा केले, नाहीतर निशाणी. रोजच्या अंगावरून ती उतरली तेव्हाच हे ठरले. दुसऱ्यांनी हिसकावली म्हणणे सोपे आहे. वर्षातल्या तीनशे दिवसांची ती आपणच सोडून दिली.

गावात अजून काही जुने कारागीर आहेत. तयार कपड्यांच्या दुकानांबाहेर एक मशीन टाकून ते बसतात. पॅन्टची उंची कमी करणे, कंबर आवळणे, चेन बदलणे. कोट अख्खा बेतता येणाऱ्या हातांना आता एवढेच काम आहे. कपडा आवळून मागा, ते पाच मिनिटांत करून देतात. सैल करून मागितला, तर शिवण उलटून दाखवतात: आत काहीच नाही.