लेखकाची जडणघडण आणि प्रकाशनाच्या वाटा : मराठी साहित्यव्यवहाराचा एक विचार

प्रस्तावना

मराठी समीक्षेत लेखकाच्या जडणघडणीचा विचार प्रामुख्याने प्रतिभा, व्यासंग आणि जीवनानुभव यांच्या आधारे केला जातो. हस्तलिखित प्रथम कोणी वाचले, दुरुस्त्या कोणी सुचविल्या, छपाईचा खर्च कोणी उचलला आणि पुस्तक वाचकांपर्यंत कसे पोहोचले, हे प्रश्न मात्र वाङ्मयबाह्य ठरवून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः कोणी लेखक व्हावे आणि कोणी होऊ नये, याचा निर्णय अनेकदा याच प्रश्नांच्या उत्तरांत दडलेला असतो. प्रस्तुत लेखात मराठीतील प्रकाशनाच्या चार वाटांचा या दृष्टीने विचार केला आहे.

हा विचार केंद्रापासून दूर असलेल्या ठिकाणाहून केल्यास अधिक स्पष्ट होतो. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे तानसा नदीकाठचे तीर्थक्षेत्र. १७३९ मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधविलेले मंदिर आणि परिसरातील गरम पाण्याची कुंडे यांमुळे ते सर्वपरिचित आहे. मुंबईपासून ते सुमारे पाऊणशे किलोमीटरवर असले, तरी गिरगाव, दादर आणि पुण्याच्या पेठांत एकवटलेल्या प्रकाशनव्यवहारापासून त्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येणारे नाही. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील वारली लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाने मराठीत आणली. या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तथापि लेखणी होती पुण्यात वाढलेल्या, लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांची. ग्रंथाचे मोल त्यामुळे कमी होत नाही; परंतु या भूमीतील अनुभवाला ग्रंथापर्यंत पोहोचण्यासाठी मध्यस्थ लागला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

संपादकाची वाट

१९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केल्यापासून नियतकालिक हे मराठी लेखकाचे प्रवेशद्वार राहिले. कथा वा कविता मासिकात यावी, संपादकाच्या नजरेत भरावी आणि पुढे संग्रह निघावा, हा क्रम रूढ झाला. १९३३ ते १९८२ या काळातील ‘सत्यकथा’ आणि तिच्यामागची मौज प्रकाशनसंस्था हे या वाटेचे सर्वांत प्रभावी उदाहरण होय. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी संपादनाला निवडीपुरते मर्यादित ठेवले नाही. लेखकाशी पत्रव्यवहार करणे, पुनर्लेखन सुचविणे आणि त्यासाठी वाट पाहणे, हा त्यांच्या कार्यपद्धतीचा भाग होता. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेले, माणदेशातील व्यंकटेश माडगूळकर याच पर्वात नवकथेचे प्रमुख लेखक ठरले. त्यामुळे ही वाट ग्रामीण लेखकास सर्वस्वी बंद होती, असे म्हणता येत नाही.

तिची मर्यादा वेगळी होती. संपादकाची अभिरुची हाच उंबरठा असल्याने त्या अभिरुचीत न बसणारी भाषा उंबरठ्याबाहेर राहिली. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांशी संबंधित तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची जाहीर होळी केली, तिच्या मुळाशी हाच सल होता.

लेखकांनी काढलेली वाट

लघुअनियतकालिकांनी संपादकाचा अधिकार नाकारून लेखक, संपादक व प्रकाशक या भूमिका एकत्र आणल्या. या चळवळीचा विचार करताना दोन उदाहरणे लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिले भालचंद्र नेमाडे यांचे. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या निबंधात त्यांनी प्रतिष्ठा, मागणी आणि समारंभ यांच्या चक्रात लेखकाचे लेखनाशी असलेले नाते कसे सुटते, याची परखड चिकित्सा केली. मात्र त्यांची ‘कोसला’ (१९६३) पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने, म्हणजे रा. ज. देशमुखांसारख्या प्रस्थापित प्रकाशकाने काढली होती. बंडखोर लेखकालाही धाडसी प्रकाशकाची गरज भासते, हे यावरून दिसते. विद्रोह आणि प्रस्थापित यांची सरळ विभागणी येथे टिकत नाही.

दुसरे उदाहरण अरुण कोलटकर यांचे. १९५० च्या दशकापासून लिहिणाऱ्या या कवीचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. पुढचे मराठी संग्रह येण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. ‘भिजकी वही’ २००३ मध्ये आली आणि २००४ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनानंतर तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही दीर्घ प्रतीक्षा त्यांना परवडली, कारण चरितार्थ जाहिरातक्षेत्रातील कामावर चालत होता. लेखनाचे स्वातंत्र्य आणि उपजीविकेचे साधन यांचा हा संबंध मराठी समीक्षेने पुरेसा तपासलेला नाही.

वाचकांची वाट

१९७४ मध्ये दिनकर गांगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘ग्रंथाली’ वाचक चळवळीने प्रश्नाचे टोक बदलले. ‘हे साहित्य आहे काय?’ याऐवजी ‘हे कोणाला वाचावयाचे आहे?’ हा प्रश्न तिने केंद्रस्थानी आणला. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने या चळवळीतून आली. मराठी वाचकाला स्वतःच्या समाजाचे अपरिचित रूप त्यांतून दिसले.

तथापि या यशाने एक नवी अपेक्षाही निर्माण केली. दलित वा भटक्या समाजातील लेखकाने आत्मकथनच लिहावे, अशी मागणी रूढ झाली. पवार हे ‘बलुतं’पूर्वीच ‘कोंडवाडा’ (१९७४) या संग्रहाने कवी म्हणून सिद्ध झाले होते. तरी त्यांची ओळख एका पुस्तकाशी बांधली गेली. पहिल्या पुस्तकासाठी दार उघडणे आणि लेखकाला दीर्घकाळ लिहिते ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

स्वखर्चाची वाट

स्वखर्चाने वा प्रस्थापित प्रकाशनसंस्थांबाहेर लिहिण्याची परंपरा मराठीत सन्माननीय आहे. महात्मा फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले गेले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापील रूपात १९७९ मध्ये आले. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) सलगपणे छापण्यास ‘दीनबंधु’सारखे सत्यशोधकी पत्रही धजावले नाही. तेथे लेखकापाशी वाचक व विचार होता. वाट मात्र नव्हती.

आजची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. पैसे भरल्यास पुस्तक निघते. पण त्याला ना संपादक लाभतो ना वाचक. महाविद्यालयीन क्षेत्रात ही स्थिती अधिक तीव्र झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्रकाशनांना गुणांक दिले आणि आयएसबीएन क्रमांक हाच ग्रंथाच्या योग्यतेचा पुरावा मानला जाऊ लागला. वास्तविक भारतात हा क्रमांक विनामूल्य मिळतो. तो ग्रंथाची ओळख पटवितो, गुणवत्तेची हमी देत नाही. नियतकालिकांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. कोणत्याही यादीला संपादकाचे काम करता येत नाही, हाच यातून घ्यावयाचा बोध होय.

निष्कर्ष

१. संपादक, सहलेखक आणि वाचक यांपैकी किमान एका घटकाशी झालेल्या खऱ्या संवादातून मराठी लेखक घडला आहे. स्वखर्चाच्या आजच्या व्यवहारात हे तिन्ही घटक सामान्यतः अनुपस्थित असतात.

२. प्रत्येक वाटेने काही लेखकांना प्रवेश दिला आणि काहींना रोखले. म्हणून वाङ्मयेतिहास लिहिताना प्रकाशनाचा इतिहास वगळता येणार नाही.

३. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकास उपयुक्त आहे. परंतु दुसऱ्या पुस्तकाचा प्रश्न तिने सुटत नाही.

४. वज्रेश्वरीसारख्या परिसरातील आगरी, वारली वा कातकरी बोलीत लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळ असलेली वाङ्मयीन संस्था म्हणजे तालुक्यातील महाविद्यालय. त्याच्या वार्षिक अंकाचे संपादन ही औपचारिक जबाबदारी न मानता हस्तलिखित वाचणे, परत करणे आणि पुन्हा लिहवून घेणे हे काम मराठी विभागांनी स्वीकारले, तर या भूमीच्या अनुभवाला मध्यस्थाची गरज उरणार नाही. या कामासाठी कोणताही गुणांक नाही; म्हणूनच ते प्राध्यापकाच्या वाङ्मयनिष्ठेची खरी कसोटी ठरते.