मुलांच्या हातात व्हॅन गॉग

उन्हाळी शिबिर संपलं की प्रदर्शन आलंच. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या अशाच एका शिबिराचं प्रदर्शन पाहून मी अस्वस्थ होऊन घरी आलो. एक अख्खी भिंत ‘स्टारी नाइट’नं भरली होती. डावीकडे तेच सायप्रस, आकाशात त्याच जागी तेच भोवरे, उजव्या कोपऱ्यात तोच पिवळा चंद्र. एकीच्या चित्रात मात्र खालच्या गावातल्या घरांवर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या होत्या. त्यांच्यावर नंतर निळा रंग फासलेला, तरी टाक्यांची कड खालून दिसत होती. कुणीतरी तिला ‘दुरुस्त’ केलं होतं.

आता मूळ चित्राचं काय ते पाहू. जून 1889 मध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात व्हॅन गॉगनं ते रंगवलं, तेव्हा खाली दिसणारं गाव त्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसतच नव्हतं. ते त्यानं आपलं आपण घातलं, वर चर्चला मायदेशच्या चर्चसारखा उंच मनोरा दिला. म्हणजे त्या अख्ख्या भिंतीवर व्हॅन गॉगच्या वाटेनं एकच मुलगी चालली होती, आणि तिचीच वाट बुजवली गेली.

जगभरच्या संस्कृतींचं टेबल वेगळं मांडलं होतं. कागदी थाळीचे ‘आफ्रिकन’ मुखवटे होते. बेनिनचे की डोगोनांचे, हे विचारायचं नाही. वारली होती, पण लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी गायब, उरला चहाच्या किटलीवरचा तारपा नाच. मंडलात रंग भरणं आणि रेझिन ओतणं याला मी चित्रकला मानत नाही, त्यामुळे ते सोडून देतो. पण इअरबडनं ठिपके देऊन काढलेल्या ‘ऑस्ट्रेलियन’ कासवांबद्दल बोललं पाहिजे. ही ठिपक्यांची चित्रं जगापुढे आली ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीतून, 1971 मध्ये. तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचा चित्रकलेचा शिक्षक होता. परक्यांची चित्रं कशाला काढता, तुमच्या लोकांची काढा, असं तो मुलांना सांगत राहिला. ते पाहून वस्तीतली वडीलधारी मंडळी पुढे आली आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर ‘मधमुंग्यांचं स्वप्न’ ही आपली पूर्वजकथा रंगवली. जी शैली नक्कल थांबवल्यामुळे उभी राहिली, तिचीच नक्कल आपण मुलांकडून करून घेतो आहोत.

आणि हे चाललंय कुठे, तर इंदूरमध्ये! 1927 मध्ये देवळालीकर मास्तरांनी इथे चित्रशाळा उभी केली. त्यांनी विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढलं, उन्हात बसवलं, समोरचं दिसतं तसं मोकळ्या हातानं रंगवायला लावलं. बेंद्रे त्या शाळेतले, हुसेन तिथे शिकून गेले, डी. जे. जोशी तिथलेच. या तिघांची चित्रं शेजारी शेजारी लावा. एक दुसऱ्यासारखं दिसत नाही, यातच मास्तरांची शिकवण आहे.

त्याच परंपरेतले विष्णू चिंचाळकर, आम्हा इंदूरकरांचे गुरुजी. मला विचाराल तर मुलांच्या चित्रकलेबाबत या देशात त्यांच्याइतकं मूलगामी काम फार थोड्यांनी केलं. उत्तम पोर्ट्रेट करणारा हा माणूस कॅनव्हास बाजूला ठेवून वाळक्या काटक्या, शेंगांची टरफलं, झाडाच्या साली, फाटके कागद यांच्याकडे वळला. काटकी घ्यायची, फिरवत राहायची. एका बाजूनं ती नुसती काटकी असते. थोडी कलती धरली की मान वळवलेला बगळा होतो. तिला कापायचं नाही, रंगवायचंही नाही. सगळं काम पाहण्याचं. ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या त्यांच्या पुस्तकात अक्षरं आणि आकडेच वळून, वाकून चित्रं होतात. या पद्धतीत मुलाला चुकता येत नाही, आणि शेजाऱ्याचं पाहून काही उपयोगही नाही, कारण शेजाऱ्याच्या हातातली काटकी वेगळी असते. गुरुजींना जाऊन पाव शतक झालं. आमच्या शिबिरांच्या पत्रकांवर पिकासो आहे, फ्रीडा आहे, गुरुजी नाहीत.

माळव्याची संजाही नाही. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणानं रोज नवी आकृती काढत, फुलांच्या पाकळ्या आणि चमकी लावत, दुसऱ्या दिवशी ती खरवडून पुढची काढत, शेवटी किलाकोट ही मोठी आकृती. शेजारच्या माळवी मैत्रिणींबरोबर मराठी घरांतल्या मुलीही त्यात असत. आज बाजारात छापील संजा मिळते, ती चिकटवली की झालं. हीसुद्धा संस्कृतीच, आणि शिबिरापासून चार गल्ल्यांवरची!

यावर ठरलेलं उत्तर येतं: नकलेनंच हात तयार होतो, खुद्द व्हॅन गॉगही नक्कल करायचा. करायचा की! 1887 मध्ये त्यानं जपानी चित्रकार हिरोशिगेची पावसातला पूल आणि बहरलेलं झाड ही दोन्ही चित्रं केली. पुढे सेंट-रेमीत मिले या चित्रकाराची केली, पण समोर होती कृष्णधवल छापचित्रं, त्यामुळे रंग त्याला स्वतः शोधावे लागले. शिवाय काय उचलायचं ते तो स्वतः ठरवत होता. आमच्या आठ वर्षांच्या मुलाला निळा आधीच कालवून वाटीत मिळतो, भोवरे पेन्सिलनं आखून मिळतात आणि वर कुणीतरी हात धरायला असतं. यानं हात तयार होत नाही, हाताला हुकमाची सवय लागते.

पालकांना घरी न्यायला काहीतरी ‘छान’ लागतं, असं शिबिरवाले खासगीत सांगतात. खरं दुखणं इथेच आहे. फी पालक भरतात म्हणून चित्र दिवाणखान्याच्या भिंतीसाठी काढून घ्यायचं, हा सौदा मुलाच्या जिवावर चालला आहे आणि तो दोघांनी मिळून मोडला पाहिजे. लालबागचं आवार हाकेच्या अंतरावर आहे. मुलांना तिथे न्या आणि दोन तास सोडून द्या. प्रदर्शनात वेडेवाकडे, अर्धवट, शाई सांडलेले कागद लागू द्या, त्यांवर टाक्या असतील तर टाक्या राहू द्या. एवढं करा आणि मग वर्गात व्हॅन गॉगला खुशाल आणा, त्याची चित्रं तासभर नुसती पाहू द्या. फक्त त्या तासाला मुलांच्या हातात ब्रश देऊ नका.