नारळीकरांच्या विज्ञानकथा : डाव आणि नियम

विज्ञानावर मनापासून लोभ असलेल्या तरुणांची एक पिढी आज आमच्या सीमाभागात वाढत आहे. बेळगावच्या ओतशाळांनी येथील माणसास लोखंडाची भाषा पूर्वीच शिकविली होती. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ या नगरीस लाभले आणि यंत्रविद्येचा ओढा अधिकच वाढला. मार्कंडेय नदीकाठच्या कंग्राळीत किंवा निपाणीच्या एखाद्या गल्लीत अशा तरुणाशी बोलू लागावे, तर पडद्यावरचे खेळ, विज्ञान आणि अवकाशयात्रा हे तीन विषय तो एका दमात बोलतो. त्याची मते ढोबळ मानाने अशी : संगणकावरील खेळ ही बुद्धीची तालीम आहे; विज्ञान म्हणजे मनुष्याचे सामर्थ्य आहे; आणि अवकाश हे त्या सामर्थ्याचे उद्याचे रणांगण आहे. या मतांची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यात न्याय नाही. ती एखाद्या तोलाच्या निकषावर घासून पाहावीत हे बरे. मराठीत असा निकष शोधू लागल्यास दृष्टी सहजच जयंत विष्णु नारळीकरांच्या कथांकडे वळते. खेळ, विज्ञान आणि आकाश या तिन्ही विषयांस त्यांनी मराठी कथेत आणले, आणि तेही हौशी माणसाच्या उत्साहाने नव्हे, तर त्या शास्त्राच्या अधिकाऱ्याच्या हाताने.

नारळीकर १९३८ साली कोल्हापुरास जन्मले, बनारसेस वाढले आणि केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली विश्वरचनाशास्त्र शिकले. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्यास ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभी केली. कथालेखनातील त्यांचा प्रवेश मोठा सूचक आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने धाडली. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव बनविले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. कीर्तीचे वजन तराजूत पडू नये, माल तेवढा तोलला जावा, ही त्यामागील वृत्ती आम्हांस त्यांच्या साऱ्या लेखनाची किल्ली वाटते. ज्या किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढून उद्योगाचा श्रीगणेशा केला, त्याच घराण्याच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने पुढे त्यांच्या लेखणीस आवर्जून पाचारण केले, हा योगायोग बेळगावकरांस विसरता येण्याजोगा नाही.

प्रथम खेळाचा विचार करू. कायद्याने खेळांचे दोन वर्ग जुन्या काळापासून मानले आहेत : कौशल्याचे आणि दैवाचे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा पत्त्यांचा खेळ मुख्यतः कौशल्याचा ठरविला, तो याच भेदाच्या आधारे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने आंतरजालावर पैसे लावून खेळावयाच्या खेळांपुरता हा भेद पुसून टाकला. परंतु विज्ञान हा खेळ या दोन्ही वर्गांत बसत नाही. पडद्यावरच्या खेळात कितीही बिकट प्रसंग असो, त्यातून बाहेर पडण्याची वाट असतेच. कारण ती कोणीतरी आधी ठेवलेली असते. निसर्गाच्या खेळात अशी वाट आहेच याची हमी कोणी दिलेली नाही. तेथे नियमांची पोथी हाती न देता खेळावयास बसविले जाते, आणि खेळता खेळता नियम हुडकावे लागतात. पडद्यावरच्या खेळाने चिकाटी अंगी येते, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु नियमच चुकीचा समजला होता असे कबूल करण्याची सवय त्याने लागत नाही.

नारळीकरांनी आपल्या कथांत हा दुसऱ्या जातीचा खेळ मांडला. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत क्रिकेट आहे. उजव्या हाताने चेंडू टाकणारा खेळाडू डावखुरा होतो आणि प्रतिपक्षाची दाणादाण उडते. सामान्य लेखकाने येथे मंत्रतंत्र आणले असते किंवा नुसतीच गंमत केली असती. नारळीकर एक नियम मांडतात. कागदाच्या पट्टीस अर्धा पीळ देऊन तिची टोके चिकटवावीत, आणि त्या पट्टीवरून एखादी चपटी आकृती सरकवीत नेऊन मूळ जागी आणावी, तर तिचे डावे-उजवे उलटलेले दिसते. हाच पीळ अवकाशास पडला तर माणसाचे काय होईल? एवढी एक गोष्ट गृहीत धरा. पुढे मी फसविणार नाही, असा हा वाचकाशी केलेला करार आहे, आणि कथा तो शेवटपर्यंत पाळते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतही तसेच. १७६१ सालच्या रणांगणावर विश्वासरावांस लागलेली गोळी चुकली असती तर, एवढाच एक मोहरा हलवून लेखक साऱ्या इतिहासाचा पट बदलून दाखवितो. ‘असे घडले असते तर’ या तीन-चार शब्दांवर आम्हां सीमाभागातील लोकांची कित्येक संभाषणे रात्र रात्र चालत आली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आम्हांस ती सवय लावली. परंतु आमच्या ‘जर-तर’ मध्ये बहुधा हळहळ असते. नारळीकरांच्या ‘जर-तर’ मध्ये शिस्त आहे. एक कारण बदलले की कोणते परिणाम बदलतील आणि कोणते बदलणार नाहीत, याचा हिशेब ते मांडतात. कल्पनाशक्तीस नियमाचा लगाम घातला म्हणजे ती मंदावत नाही, तिला दिशा मिळते, हे या कथांनी मराठीत सिद्ध केले.

आता विज्ञानाविषयी. आमचा यंत्रप्रेमी तरुण विज्ञान म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा यंत्र असते. नारळीकरांच्या मनात पुरावा असतो. ‘धूमकेतू’ या कथेत एका हौशी ज्योतिर्विदाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणिताने दिसते. शास्त्रज्ञ अवकाशयान धाडून त्यास मार्गावरून ढळवितात. इकडे घरात मात्र शांतीचा यज्ञ होतो आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञास जाते. कथा लिहिली गेली तेव्हा ही नुसती कल्पना होती. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ‘डार्ट’ यानाने डिमॉर्फस या छोट्या खगोलावर धडक दिली आणि सुमारे बारा तासांची त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली, तेव्हा कथेतील पहिला भाग खरा ठरला. दुसरा भाग खरा ठरण्यास वाट पाहावी लागलीच नाही. तो आमच्या घराघरांत रोज घडतच असतो. ‘यामुळे’ आणि ‘यानंतर’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते न्यायालयात प्रत्येक साक्षीच्या वेळी तपासावे लागते. नारळीकरांनी ते कथेत तपासले.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी फलज्योतिषाची कसोटी घेतली. बुद्धिमान मुलांच्या शंभर आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या शंभर कुंडल्या जमविल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ओळखण्यासाठी प्रत्येक ज्योतिष्यास त्यांतील चाळीस दिल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. त्यांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरीने शेकडा ४६ च्या आसपास निघाले. नाणे उडविले असते तरी याहून कमी पडले नसते. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ज्योतिष्यांचा उपहास कोठेही नाही. डाव मांडला, नियम आधी सांगितले, आणि दोन्ही पक्षांस जिंकण्याची समान संधी ठेवली. आमच्या भागातील कुस्तीच्या फडावर पाठ टेकली की निकाल लागतो. मल्ल कोणत्या तालमीचा, हे तेव्हा कोणी पाहात नाही. विज्ञानाचा फडही असाच आहे.

अवकाशाविषयी आणि यंत्राविषयी नारळीकरांचे मत आजच्या उत्साहापेक्षा अधिक सावध आहे. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा माणसाच्या हाती लागतो आणि त्यातील ज्ञानाच्या आधारे वामन नावाचा यंत्रमानव घडविला जातो. तो स्वतःसारखे आणखी यंत्रमानव निर्माण करू पाहतो, आणि ती जुनी संस्कृती कशाने बुडाली हे तेव्हा कळते. तीन पावले जमीन मागणाऱ्या बटूने सर्वस्व व्यापले, या पुराणकथेचा हा उपयोग मार्मिक आहे. विचार करणाऱ्या यंत्रांविषयी आज जग जो वाद घालीत आहे, त्याची पावले या कादंबरीत आधीच उमटली आहेत.

एवढे श्रेय दिल्यानंतर दोष सांगणे हे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. नारळीकरांच्या कथांतील माणसे बहुधा सोंगट्या आहेत. लेखकाने फासे टाकावेत आणि त्यांनी घरे ओलांडावीत. त्यांस स्वभाव असतो तो कथेस लागेल तेवढाच. विज्ञानकथेत कल्पना हीच नायिका असते, असे समर्थन केले जाते. आम्हांस ते अर्धेच पटते. कल्पना नायिका असली तरी तिच्यापायी कोणाचे तरी काळीज हलावे लागते. ‘धूमकेतू’ मधील इंद्राणी यज्ञ का करविते? भयाने, नातवंडांच्या मायेने, की आयुष्यभर आकाशाकडे पाहणाऱ्या नवऱ्याच्या एकलेपणास कंटाळून? लेखक तिची उलटतपासणी घेतो, परंतु तिला वकील देत नाही. दुसऱ्या पक्षाचे ऐकून घ्यावे, हे न्यायाचे पहिले तत्त्व साहित्यासही लागू आहे.

दुसरा दोष आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो. या कथांत शास्त्रज्ञ बहुधा बरोबर ठरतो. ‘हिमप्रलय’ मध्ये जग ज्याचे ऐकत नाही तो वैज्ञानिक खरा निघतो. मुंबईवर बर्फ पडते आणि तो विजयी होतो. परंतु खुद्द नारळीकरांचे आयुष्य निराळे होते. हॉइल यांच्यासह १९६४ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. विश्वास आरंभ नाही, ते सदैव स्थिर स्वरूपात आहे, या मताचे ते पुरस्कर्ते. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध लागला आणि जगातील बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाच्या बाजूने कौल दिला. नारळीकरांनी आपला सिद्धान्त नव्या पुराव्याच्या संदर्भात दुरुस्त केला; हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्याचे सुधारलेले रूप मांडले; आणि अल्पमतात राहणे पत्करले. न्यायालयात एखादा न्यायमूर्ती बहुमताविरुद्ध आपला भिन्न निकाल लिहून ठेवतो. खटला त्याने बदलत नाही, परंतु युक्तिवाद जिवंत राहतो. तसेच हे होते. असा मनुष्य रात्री दिवा मालविताना काय विचार करीत असेल? मी चुकलो असेन काय, हा प्रश्न त्यास कसा छळीत असेल? मराठीतील सर्वांत मोठी विज्ञानकथा ही होती, आणि ती लिहिण्याचा अधिकार एकाच लेखकास होता. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रात, ज्यास २०१४ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला, त्या वादाची हकीकत येते; परंतु कथेत तो पराभव कधी उतरला नाही. परिणाम असा की, या कथांवर वाढलेल्या वाचकास शास्त्रज्ञाचे धैर्य दिसते, त्याची शंका दिसत नाही.

आमच्या यंत्रप्रेमी तरुणास नेमके हेच सांगावेसे वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चंद्रयान-२’ चे विक्रम अवतरक चंद्रभूमीवर आदळले. काय काय बिघडू शकते याचा विचार करून पुढील यान रचले गेले, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरले. गावोगाव पेढे वाटले गेले ते दुसऱ्या दिवसाचे. विज्ञान घडले ते मधल्या चार वर्षांत. सामर्थ्य हे विज्ञानाचे फळ आहे, बीज नव्हे. त्याचे बीज आहे हरण्याची तयारी.

शेवटी भाषेविषयी. नारळीकरांचे शालेय शिक्षण बनारसेस हिंदीतून झाले, शास्त्र त्यांनी इंग्रजीतून शिकले. मराठी ही त्यांची घरची भाषा, महाराष्ट्राबाहेर जतन केलेली. कथा मात्र त्यांनी मराठीतून लिहिल्या. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा विज्ञान आणि मराठी हे शब्द शेजारी लिहिण्यास कोणास अवघड वाटेनासे झाले होते. कंग्राळीच्या मुलास यात अर्थ आहे. भाषेच्या हक्काचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालवावाच. परंतु जमिनीच्या वादात कागदाइतकीच वहिवाट पाहिली जाते, हे कोणताही शेतकरी सांगेल. कृष्णविवर, धूमकेतू, यंत्रमानव ही जमीन नारळीकरांनी मराठीच्या वहिवाटीस आणली. आमच्या कोकणी वाचकांपुढेही हाच प्रश्न आहे आणि त्यांचे उत्तरही याहून निराळे असण्याचे कारण नाही. आता त्या जमिनीत, शंकेने ग्रासलेल्या आणि कदाचित चुकलेल्या शास्त्रज्ञाची कथा पिकविणे, हे काम पुढच्या लेखकासाठी शिल्लक आहे. तो यंत्रप्रेमी तरुणांतूनच यावा, आणि मराठीतून अथवा कोकणीतून बोलावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.