एकाच खेळाडूचा संग्रह : काय धरावें आणि काय गाळावें

गेल्या दिवाळीनंतर पातूरास आमच्या आप्तांकडे जाणें झालें. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें तालुक्याचें गांव. रेणुकामातेच्या टेकडीमुळें किंवा डोंगरांत कोरलेल्या लेण्यांमुळें ज्यांस तें ठाऊक आहे त्यांस आहे, इतरांस तें वाटेवरचें एक नांव. तेथें एका निवृत्त शिक्षकांच्या घरीं एक लोखंडी पेटी आहे, आणि तींत सचिन तेंडुलकर ह्यांच्या चित्रांवांचून दुसरें कांहींहि नाहीं. १५ नोव्हेंबर १९८९ रोजीं कराचीस सोळा वर्षांचा हा मुलगा भारताच्या वतीनें पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला, तेव्हांपासून १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडे मैदानावर आपला दोनशेंवा सामना संपवून तो परत फिरला तोंपर्यंत, चोवीस वर्षें ही पेटी भरत आली. आतां गुरुजींस ती वाचनालयास द्यावयाची आहे. चिटणिसांनीं मागितलें तें अगदीं साधें होतें : यादी करून द्या, आणि वर एकंदर संख्या लिहा. तेथेंच घोडें अडलें.

गुरुजींच्या वहींत चारशेंवर नोंदी. त्यांचा भाचा पुण्यास नोकरीस असतो. बेसबॉल खेळाडूंचीं कार्डें जमविणाऱ्या अमेरिकन शोकिनांशीं त्याचा पत्रव्यवहार आहे व त्यांचे नियम त्याला मुखोद्गत आहेत. त्यानें एक दुपार बसून पेटी तपासली आणि म्हणाला, "मामाजी, ह्यांत खरीं कार्डें शंभरहि भरणार नाहींत." गुरुजी कांहीं बोलले नाहींत, त्यांनीं वही मिटली. दोघेहि सरळ मनाचे, पेटी एकच, आणि संख्येंत चौपटीचा फरक. मला मध्यस्थ नेमण्यांत आलें, आणि त्या निमित्तानें ह्या प्रश्नाचा जो विचार करावा लागला तो येथें मांडीत आहें. एकाच कवीचे ग्रंथ, एकाच संताचे अभंग गोळा करणाऱ्यांसहि तो परका वाटणार नाहीं.

भाच्याचा नियम प्रथम पाहूं, कारण तो बाहेरून मोठा भक्कम दिसतो. अमेरिकेंत खेळाडूंचीं चित्रें पूर्वीं तंबाखूच्या पाकिटांतून व पुढें गमच्या पुड्यांतून घरोघर गेलीं. तेथें कंपनी मालिका काढते, प्रत्येक कार्डावर क्रमांक असतो, आणि मालिकेची यादी छापलेली असते. म्हणून एका खेळाडूचा संग्राहक यादी पुढें घेऊन खुणा करीत जातो. कार्ड परवानगीनें छापलेलें असावें, तें यादींत असावें, आणि त्यावर तो खेळाडू स्वतंत्रपणें असावा. एवढें असलें कीं तें मोजावयाचें. परंतु ह्या नियमाच्या माहेरींहि सगळें सुरळीत नाहीं. मिकी मँटल ह्या नामांकित खेळाडूचें पहिलें कार्ड बोमन कंपनीचें, १९५१ सालचें. तरी ज्याच्यासाठीं लोक घरदार विकावयास निघतात तें टॉप्स कंपनीचें १९५२ सालचें. म्हणजे यादी एकाला पहिलेपणाचा मान देते आणि मन दुसऱ्याला. पुढें तर छापणाऱ्यांनींच यादीचा कणा मोडला. तेंच चित्र सोनेरी कडेचें, तेंच रुपेरी कडेचें, तेंच केवळ दहा प्रतींचें, तेंच एकुलत्या एका प्रतीचें! १९९७ सालीं अप्पर डेक कंपनीनें सामन्यांत वापरलेल्या सदऱ्याचे तुकडे कापून कार्डांत बसविले. आपल्याकडे साधुपुरुषांच्या वस्त्राचा धागा जपून ठेवणारे लोक आहेत, तेव्हां ह्या कल्पनेला हंसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाहीं. पण परिणाम असा झाला कीं आजच्या नामांकित खेळाडूचीं सर्व कार्डें जमविणें मनुष्याच्या आवांक्याबाहेर गेलें, आणि तेथील जाणते संग्राहक आपापल्या सोयीचे नियम करूं लागले : कोणी एकाच कंपनीचीं कार्डें घेतो, कोणी एकाच संघाच्या वेषांतलीं, कोणी खेळाडू निवृत्त होईपर्यंतचींच. तेव्हां नियम आकाशांतून पडलेला नसतो. तो संग्राहकच करतो. अमेरिकेंत व्यापाऱ्यांनीं त्याची छापील प्रत आधींच काढून ठेविली, इतकेंच.

हा नियम वऱ्हाडांत आणला म्हणजे काय होतें? क्रिकेटच्या खेळाडूंचीं कार्डें इंग्लंडांत जुनीं आहेत. विल्स कंपनीनें १८९६ सालीं पन्नास खेळाडूंची मालिका सिगारेटच्या पाकिटांतून काढली होती, व ती प्रथा दुसऱ्या महायुद्धांत कागदाच्या टंचाईनें बंद पडेपर्यंत चालली. आपल्याकडे सचिन खेळूं लागला तेव्हां तशी वर्षानुवर्षें चालणारी मालिका नव्हती. म्हणून भाच्याच्या चाळणींतून पेटी गाळली कीं वर राहतात तीं ऑस्ट्रेलियांतील फ्युटेरा कंपनीचीं कार्डें, जीं त्यानेंच मामांना आणून दिलीं, आणि अलीकडच्या आयपीएलच्या काळांतलीं टॉप्सचीं. ज्या खेळाडूला पातूरच्या पोरांनीं किराणा दुकानाच्या फळीवर पाहिलें तो गळून जातो, आणि सिडनीच्या मुलानें पाहिलेला तेवढा शिल्लक राहतो. ज्या चाळणींतून धान्य खालीं पडतें व खडे वर राहतात ती चाळणी सदोष म्हणावी लागेल, मग ती कितीहि दूर देशाहून आणलेली असो.

पेटींतला माझ्या मतें सर्वांत मोलाचा भाग बबलगमबरोबर मिळणाऱ्या चित्रांचा आहे. 'बिग फन' नांवाच्या गमबरोबर खेळाडूंचीं लहान चित्रें येत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत, आणि ठराविक बेरीज जमली कीं चित्रें देऊन बक्षीस घ्यावयाचें. ही योजना ज्यानें काढली त्याला ठाऊक नसेल, पण त्यानें प्रत्येक मुलापुढें मोठा पेंच टाकला होता. तें चित्र एकाच वेळीं तसबीरहि होतें व नाणेंहि. सहा धावांचा सचिन हातीं आला म्हणजे तो ठेवावा कीं मोडावा? बहुतेकांनीं मोडला. म्हणून आज जें चित्र उरलें आहे त्याच्या मागें कोणीतरी बक्षिसावर सोडलेलें पाणी आहे. अमेरिकेंतल्या एकुलत्या एका प्रतीच्या कार्डाची दुर्मिळता छापखान्यांत ठरते. ह्या मळकट कागदाची दुर्मिळता एका नऊ वर्षांच्या मुलानें ठरविली. यादी जवळ बाळगून कोणी गम चघळीत नव्हतें, म्हणून ह्या चित्रांना संग्रहांत जागा नाहीं असें म्हणणें मला पटत नाहीं. गुरुजींच्या वहींत अशा कांहीं नोंदींपुढें 'वर्गांत जप्त' असा शेरा आहे. तीं चित्रें वस्तुतः कोणाचीं, हा प्रश्न मीं विचारला नाहीं. गुरुजींच्या चेहऱ्यावरून तो त्यांनीं स्वतःला पूर्वींच विचारलेला दिसला.

टपालाच्या तिकिटांविषयीं भाचा अडून बसला. तिकीट म्हणजे कार्ड नव्हे, हें त्याचें म्हणणें शब्दशः खरें आहे. पण १९९६ सालीं टपालखात्यानें देवधर, नायडू, मंकड व मर्चंट ह्या चौघांचीं तिकिटें काढलीं तेव्हां, किंवा सचिनच्या शेवटच्या सामन्याच्या पहिल्या दिवशीं, १४ नोव्हेंबर २०१३ रोजीं, वीस रुपयांचीं दोन तिकिटें काढलीं तेव्हां, एका माणसाची आकृति लोकांनीं जवळ बाळगावी म्हणून ती मुद्दाम छापली गेली. तारीख निश्चित, किंमत निश्चित, छापणारा निश्चित. परवान्याचा एवढा अभिमान असणाऱ्यानें सरकारी छाप नाकारावी हें नवलच. शेवटीं त्यानें तिकिटें मान्य केलीं.

येथवर मी गुरुजींच्या बाजूचा वकील वाटेन. परंतु त्यांच्या चारशेंतलीं जवळजवळ निम्मीं वर्तमानपत्रांतलीं कात्रणें आहेत, आणि तीं मला धरतां येईनात. 'एकच षटकार' किंवा 'स्पोर्टस्टार' ह्यांच्या मधल्या पानावरचें मोठें चित्र निराळें. तें भिंतीवर लावण्यासाठींच दिलेलें असतें. दैनिकांतलें चित्र त्या दिवसाच्या बातमीचें अंग असतें. कात्रीनें त्याला संग्रहाची वस्तु केलें, छापणाऱ्यानें नव्हे. जें आपण कापून घडविलें तें मोजूं लागलों तर संख्या आपल्या कात्रीची होते. हें मीं सांगितलें तेव्हां गुरुजींनीं एक पिंवळें पडलेलें कात्रण पुढें केलें. १९९८ च्या एप्रिलांत शारजास ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन दिवसांच्या अंतरानें दोन शतकें झालीं, एकशें त्रेचाळीस आणि एकशें चौतीस. त्यांपैकीं दुसऱ्याच्या बातमीचें तें चित्र. तो सामना घरांतल्या सगळ्यांनीं एकत्र बसून पाहिला होता, आणि तसें सगळे एकत्र बसण्याचा योग नंतर आला नाहीं, एवढेंच ते बोलले.

"मग हें टाकूं?"

टाकावें असें मीं म्हटलें नव्हतें. मोजणें आणि ठेवणें ह्या दोन क्रिया आहेत, आणि पुष्कळ भांडणें त्या एक समजल्यानें होतात. तुकोबांच्या गाथेचेंच पाहा. १८६९ व १८७३ सालीं विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित ह्यांनीं सरकारी साह्यानें दोन भागांत गाथा छापली, तेव्हां देहू, तळेगांव, कडूस, पंढरपूर येथल्या हस्तलिखितांशीं पाठ ताडून पाहिले. त्या गाथेंत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. पुढें तुकाराम तात्यांनीं काढलेल्या गाथेंत आठ हजारांहून अधिक आहेत. एकानें संशयिताला दाराबाहेर ठेवलें, दुसऱ्यानें आलेल्याला पाट दिला. अभ्यासाला पहिली गाथा घ्यावी, पण दुसरी कोणीं रद्दींत घातली नाहीं, आणि त्या जादा अभंगांतले कित्येक आजहि कोठें ना कोठें टाळमृदंगावर म्हटले जात असतील. कात्रणांसाठीं निराळी फाईल करावी, यादींत संख्येखालीं तिचा उल्लेख असावा, असें आम्हीं ठरविलें. गुरुजींची संख्या दोनशेंच्या थोडी वर येऊन थांबली. भाच्याच्या मानानें ती अजून दुप्पट होती, आणि त्यानें ती कां मानली हें त्यानें सांगितलें नाहीं. पण शारजाच्या कात्रणाला प्लास्टिकचें वेष्टण त्यानेंच घातलें. त्या रात्रीं तोहि मामांच्या मांडीशीं बसलेला होता, हें मला मागाहून कळलें.

सगळें आटोपलें असें वाटत असतां पेटीच्या तळाशीं वहीवर चिकटविण्याची एक चिठ्ठी निघाली. यात्रेंतल्या दुकानांत मिळते तसली. खालीं ठळक अक्षरांत सचिन तेंडुलकर हें नांव, आणि वर चित्र सरळसरळ दुसऱ्याच एका खेळाडूचें! अभंगाच्या शेवटीं 'तुका' ही मुद्रा असली म्हणून तो तुकोबांचा ठरत नाहीं, हें आपले पंडित शंभर वर्षांपूर्वींच सांगून गेले. त्या न्यायानें ही चिठ्ठी बाद. पण मुद्रेवरून आणखी एक गोष्ट कळते : दुसऱ्यांनीं रचलेले अभंग ज्याच्या नांवावर खपतात त्याच्या नांवाचें वजन किती! छापणाऱ्याला चेहरा ठाऊक नव्हता किंवा त्याजवळ तें चित्र नव्हतें. नांव छापलें कीं चिठ्ठी विकली जाईल, एवढें त्याला पक्कें ठाऊक होतें. आणि तें खरेंहि ठरलें, कारण ती विकत घेणारे स्वतः गुरुजीच होते.

भाचा म्हणाला, परिशिष्टांत घाला. गुरुजी म्हणाले, चेहरा ज्याचा आहे त्याच्यावर हा अन्याय होईल. माझें मत परिशिष्टाच्या बाजूचें होतें व आहे. यादी वाचनालयांत गेली तेव्हां शेवटच्या ओळींत चिठ्ठीचें वर्णन होतें, आणि अनुक्रमांकाची जागा गुरुजींनीं कोरी सोडली होती.