मीनाचे न येणारे चौदावे वर्ष

प्रचारासाठी निर्माण झालेली कलाकृती प्रचाराचे प्रयोजन सरले की विस्मरणात जाते, असे आपल्या समीक्षेत बहुधा गृहीत धरले जाते. 'मीना' ही चित्रमालिका या गृहीतकाला छेद देते. सार्क संघटनेने १९९१ ते २००० हे दशक बालिकांचे दशक म्हणून जाहीर केले होते. त्याच वातावरणात युनिसेफच्या पुढाकाराने ही मालिका आकारास आली. नायिकेचे रूप सिद्ध करण्यात मुंबईचे ज्येष्ठ चलच्चित्रकार राम मोहन (१९३१–२०१९) यांचा वाटा मोठा होता. दक्षिण आशियातील कोणत्याही एका देशाचा वा धर्माचा शिक्का बसू नये असे नाव आणि असा वेश तिला जाणीवपूर्वक देण्यात आला. ते दशक संपले. मीना मात्र संपली नाही. बांगलादेशात २४ सप्टेंबर हा दिवस तिच्या नावाने पाळला जातो आणि महाराष्ट्रातील शाळांतून 'मीना राजू मंच' भरतात.

या टिकून राहण्याची मीमांसा करावी असे मला वाटू लागले ते केम येथे. करमाळा तालुक्यातील हे गाव रेल्वेमार्गावर असून कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका शाळेत या मालिकेतील एक कथा दाखविल्यानंतर आठवीतील एका मुलीने विचारले, "मीना पुढं कितवीपर्यंत शिकली?" मालिकेच्या संहितेत या प्रश्नाला उत्तर नाही. मीना नऊ वर्षांची आहे आणि ती सदैव नऊच वर्षांची राहते.

प्रथम कथनरूपाचा विचार करू. आरंभीच्या कथेत मीनाला शाळेत जाऊ दिले जात नाही; भाऊ राजू मात्र जातो. तेव्हा ती आपल्या मिठू नावाच्या पोपटाला शाळेकडे पाठविते. पोपट तेथे ऐकलेले पाढे घरी आणतो, मीना त्यावरून मोजायला शिकते, कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोरी उघडकीस येते. ही रचना उपदेशपर पत्रकाची नव्हे, लोककथेची आहे. 'शुकबहात्तरी'तील पोपट रात्रीमागून रात्र कथा सांगून स्त्रीला उंबरठ्याच्या आत रोखून धरतो. येथील पोपट उंबरठ्याबाहेरचे ज्ञान आत आणतो आणि शेवटी मुलीलाच बाहेर नेतो. जुन्या आदिबंधाची ही उलटापालट निर्मात्यांना अभिप्रेत होती की नव्हती, हा प्रश्न गौण आहे; ज्यांच्या कानांवर पोपटाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांना ती जाणवल्यावाचून राहत नाही. प्रवेश नाकारल्यावर दुरून विद्या मिळविणारा एकलव्यही येथे आठवतो. फरक इतकाच की मीनाकडे कोणी अंगठा मागत नाही.

पण काहीच मागितले जात नाही, असेही नाही. वडील तिला शाळेत घालतात ते तिच्या मोजणीने घराचे नुकसान टळल्यावर. राजूला अशी कोणतीही परीक्षा द्यावी लागलेली नाही. त्याचा हक्क गृहीत आहे, तिचा हक्क उपयुक्ततेने सिद्ध व्हावा लागतो. स्त्रीशिक्षणाच्या समर्थनात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला हा युक्तिवाद, शिकलेली स्त्री संसार नेटका करील म्हणून तिला शिकवा, येथे कोंबड्यांच्या रूपाने पुन्हा अवतरतो. मालिकेच्या गौरवात हा मुद्दा सहसा निसटतो.

आंब्याच्या कथेत मात्र मालिका या मर्यादेपलीकडे जाते. राजूच्या वाट्याला मोठी फोड येते, मीना हरकत घेते आणि भावंडे एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात. राजू तिची कामे करतो, ती लाली गाईला सांभाळते. दिवसअखेर राजू थकून भुकेजतो आणि वाटणीतील अन्याय त्याला शब्दांवाचून कळतो. येथे सिद्ध करण्याचे ओझे मुलीवर नाही. कळण्याचे ओझे मुलावर आहे. माझ्या मते संपूर्ण मालिकेतील ही सर्वांत परिपक्व कथा होय.

आता वयाचा प्रश्न. मालिकारूप बालवाङ्मयात नायक मोठा होत नाही, हा संकेत आपल्याला नवा नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कथेमागून कथा त्याच वयात धावत राहतो आणि वाचकाला त्यात वावगे वाटत नाही. कारण बनेश फेणे उद्या मोठा झाला तरी त्याची सायकल कोणी काढून घेणार नाही. मीनाच्या बाबतीत हा संकेत निरुपद्रवी राहत नाही. ती चौदा वर्षांची झाली तर शाळा, फिरणे, प्रश्न विचारणे, सारेच धोक्यात येईल, हे प्रेक्षक मुली जाणतात. अल्पवयीन विवाहावरील कथाही या मालिकेत आहे. पण तेथे लग्न घाटते ते दुसऱ्या मुलीचे. मीना साक्षीदार राहते.

अन्यत्र असे नेहमी घडलेले नाही. जपानमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या 'सेलर मून'ची नायिका उसागी चौदा वर्षांची आहे. अमेरिकेतील 'डारिया' (१९९७–२००२) आणि 'किम पॉसिबल' (२००२–२००७) या मालिकांच्या नायिका शाळा संपविताना दिसतात. त्या समाजांत किशोरवय हा कथेला पुरेसा ऐसपैस प्रदेश आहे. मराठीत तो अरुंद आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?'मधील यमू मोठी होते खरी. परंतु ते मोठे होणे हीच तिची शोकांतिका. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (२००४) नववीतील शिरोडकर आपल्याला दिसते ती मुकुंदाच्या डोळ्यांनी. तिचे स्वतःचे निवेदन आपल्या हाती येत नाही.

या पार्श्वभूमीवर केमच्या त्या मुलीकडे परत येतो. उच्च प्राथमिक वर्गांतील मुली साधारणतः अकरा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आपल्या नायिकेहून मोठ्या असतात. मीना त्यांचा आदर्श असावी अशी आयोजकांची अपेक्षा असते. मला मात्र वाटते की या मुलींना मीनामध्ये दिसते ते त्यांनी नुकतेच मागे टाकलेले वय: जेव्हा आंब्याच्या फोडीवरून भांडता येत होते आणि त्या भांडणाला घरात हसून का होईना, पण जागा होती. मीनाचे दीर्घकाळचे आकर्षण बरेचसे या मागे वळून पाहण्यात आहे. पुढच्या वाटेचा नकाशा तिच्याजवळ नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ आहे. नऊ आणि अठरा यांच्यामधल्या वर्षांची कथा ही मालिका रचीत नाही.

"कितवीपर्यंत?" या प्रश्नावर वर्गातील दुसऱ्या एका मुलीने लगेच उत्तर दिले होते, "बारावीपर्यंत." ते तिने कोठून आणले, हे मी विचारले नाही.